गणित कुठल्या घरात बसतं?

प्रश्न : माझा नातू साडेसहा वर्षांचा आहे. रस्त्यानं जाताना गाड्यांच्या नंबरांच्या बेरजा करत असतो. परवा त्याची पत्रिका दाखवली, तेव्हा गुरुजी म्हणाले, ‘बुध-गुरू युती आहे. रामानुजन यांच्या पत्रिकेतही हीच होती. मुलगा गणितात नाव काढणार!’ घरात पेढे वाटून झाले, पण मला प्रश्न पडलाय. रामानुजन यांच्या पत्रिकेत गणित खरंच दिसतं का?
– एक आजोबा, मिरज

उत्तर : आजोबा, पेढे वाया गेले नाहीत. नातू बेरजा करतो हे निमित्त पेढ्यांना पुरेसं आहे. पत्रिकेचं मात्र नीट पाहू. ती आपण इथेच मांडू, म्हणजे कुणाच्या शब्दावर विसंबायला नको.

श्रीनिवास रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ चा, गुरुवारचा, आजोळी इरोडला. वेळ सूर्यास्ताच्या सुमाराची सांगतात. धनुर्मास लागून आठवडा झाला होता, म्हणजे सूर्य धनू राशीत. तो पश्चिमेला मावळत असेल, तर त्याच वेळी पूर्वेला समोरची सातवी रास उगवत असणार. धनूपासून सातवी मिथुन. झालं, लग्न मिथुन. लग्नेश बुध. तो आणि गुरू दोघेही वृश्चिकेत, म्हणजे सहाव्या स्थानात. शुक्र तूळ राशीत स्वगृही, पाचवा. कर्केत शनी आणि राहू, दुसरे. चंद्र मीनेत, दहावा, नक्षत्र उत्तराभाद्रपदा.

म्हणजे गुरुजी सांगतात ती युती आहे. अंशांनी पाहिलं तर बुध-गुरूंत बरंच अंतर आहे, पण रास एकच. आता फलिताकडे वळू, आणि ही पत्रिका दोनदा वाचू.

पहिल्यांदा नाव माहीत असताना. पंचम हे विद्येचं आणि बुद्धीचं स्थान, आणि तिथला स्वामी स्वगृही बसलेला : अलौकिक प्रतिभा! लग्नेश बुध म्हणजे आकडेमोडीचा कारक, त्याला ज्ञानाच्या गुरूची साथ : गणिती! दशमात चंद्र : साता समुद्रापार कीर्ती! सगळं कसं चपखल बसलं.

आता नाव झाका. समजा, १९०७ साल आहे. कुंभकोणमचा एक वीस वर्षांचा मुलगा गणित सोडून बाकी विषयांकडे पाहत नाही. शिष्यवृत्ती गेली, एफ.ए.च्या परीक्षेत तो पुन्हा नापास झाला. त्याची हीच पत्रिका समोर आली तर? लग्नेश सहावा, आणि सहावं घर रोग, रिपू, ऋणाचं : प्रकृती नाजूक, कर्जाची काळजी. धनस्थानात शनी-राहू : पैशाची कायम ओढाताण. पंचमात स्वगृहीचा शुक्र : गाण्या-बजावण्याची आवड, आणि संततिसुख उत्तम. सल्ला मिळाला असता, ‘कुठेतरी कारकुनी धरा.’ पुढे त्यांनी ती खरोखर धरली. १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये, महिना ३० रुपयांवर.

दोन्ही वाचनं शास्त्राला धरून आहेत आणि दोन्हींत काही ना काही खरं ठरलं आहे. ते आजारी पडले, वयाच्या ३२ व्या वर्षी, २६ एप्रिल १९२० ला गेले. कीर्तीही झाली, १९१८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. फक्त ते बलवान पंचमस्थान पाहा. तेच विद्येचं घर आणि तेच संततीचंही. रामानुजन यांना मूल झालं नाही. विद्येचं फळ मोजायचं आणि संततीचं सोडून द्यायचं, हे कोणी ठरवलं? पत्रिकेनं नाही. ते ठरलं आपल्याला चरित्र आधीच माहीत असल्यामुळे. पत्रिकेवरचं नाव हाच तिच्यातला सगळ्यात बलवान ग्रह.

आणि ती युती? बुध कधीच सूर्याला सोडून लांब जात नाही, त्यामुळे वर्षभरात तो सूर्याबरोबर सगळ्या राशी फिरतो. गुरू एका राशीत साधारण वर्षभर मुक्काम करतो. म्हणजे दर वर्षी एकदा तरी बुध गुरूच्या राशीत येणारच, आणि आला की काही दिवस, कधी काही आठवडे राहणार. त्या दिवसांत जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या पत्रिकेत तुमच्या नातवाचीच युती असते. लग्नासकट जुळवायचं म्हटलं, तरी एक लग्न सुमारे दोन तास टिकतं. त्या गुरुवारच्या संध्याकाळी तमिळ मुलखात जन्मलेल्या कितीतरी मुलांची कुंडली हुबेहूब हीच. त्यांतला एकच रामानुजन झाला.

तुम्ही म्हणाल, हा सगळा युक्तिवाद झाला. कुणी ताडून पाहिलं आहे का? पाहिलं आहे, आणि आपल्याच पुण्यात. २००८ च्या सुमारास डॉ. जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचे अभ्यासक प्रकाश घाटपांडे यांनी एक चाचणी घेतली. शंभर हुशार मुलं आणि शंभर बौद्धिक अक्षमता असलेली मुलं, अशा दोनशे जणांच्या पत्रिका केल्या. नावं झाकली. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस दिल्या आणि विचारलं, एवढंच सांगा, मूल कुठल्या गटातलं? सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. नाणं उडवून ठरवलं असतं, तरी चाळिसांत सरासरी वीस बरोबर आली असती. ज्योतिषांची सरासरी ४६ टक्के भरली. सर्वांत जास्त गुण मिळवणाऱ्याचे चाळिसांत चोवीस. सत्तावीस जणांनी नाणी उडवली, तरी एखाद्याला तेवढे पडतातच. एका ज्योतिष संस्थेनं सगळ्या दोनशे पत्रिका पाहिल्या, १०२ बरोबर.

इथे प्रश्न गणिती प्रतिभेसारखा बारीक नव्हताच. दोन टोकांतला फरक ओळखायचा होता. तोही नाव झाकल्यावर दिसला नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. रामानुजन यांच्या घरात ज्योतिषाला मान होता. आई कोमलतम्माळ पत्रिका जाणत आणि रामानुजन यांना स्वतःलाही त्यात रस होता. जुन्या काळी आपल्याकडे गणिती आणि ज्योतिषी एकाच पंगतीला बसत. भास्कराचार्यांना तर ‘गणक’च म्हणत. पण त्या विद्येचे दोन भाग आहेत, गणित आणि फलित. ग्रह कुठे आहे हे गणित सांगतं आणि ते तपासता येतं. वर आपण तेच केलं. त्याचा अर्थ काय हे फलित सांगतं, आणि तपासायला गेलं की ते हातात राहत नाही.

मग रामानुजन यांच्याकडे गणित आलं कुठून? पूर्ण उत्तर कुणापाशीच नाही. पण सोळाव्या वर्षाच्या आसपास कार नावाच्या इंग्रज शिक्षकाचं हजारो सूत्रांचं पुस्तक त्यांच्या हाती पडलं हे माहीत आहे. कागद महाग, म्हणून ते पाटीवर मांडत आणि कोपरानं पुसत, हेही माहीत आहे. आणि जानेवारी १९१३ मध्ये केंब्रिजचे गणिती हार्डी यांना पाठवलेलं पत्र कुणीतरी शेवटपर्यंत वाचलं, हेही.

पुस्तक, पाटी आणि वाचणारा माणूस. नातवासाठी हे तुमच्या हातात आहे, तेव्हा आज संध्याकाळी त्याला पाटी द्या. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी शोधलेला खेळ आहे. चार अंकी संख्या घ्यायची, अंक उतरत्या क्रमानं लावायचे, चढत्या क्रमानं लावायचे आणि मोठीतून लहान वजा करायची. उत्तराचं पुन्हा तसंच. रामानुजन यांचं जन्मसालच घ्या, १८८७. ८८७१ वजा १७८८, उरले ७०८३. मग ८७३० वजा ०३७८, उरले ८३५२. ८५३२ वजा २३५८, उरले ६१७४. पुढे कितीही करा, ६१७४ च येत राहतात.

नातू डोळे मोठे करून म्हणेल, ‘आजोबा, रामानुजनच्या सालात जादू आहे!’ तेव्हा त्याला स्वतःचं जन्मसाल मांडायला सांगा, मग तुमचं, मग समोरून जाणाऱ्या गाडीचा नंबर. चारही अंक सारखे नसले, तर कुठलीही संख्या फार तर सात पायऱ्यांत तिथेच पोहोचते. जे प्रत्येकाला लागू पडतं, ते एकट्या रामानुजनबद्दल काहीच सांगत नाही, हे त्याला पाटीवर कळेल. बुध-गुरू युतीचंही तेच आहे.