फॉरवर्ड करण्याआधीचा एक श्वास (गीता ३.३३–३४)



आजचे दोन श्लोक तिसऱ्या अध्यायातले, ३३ आणि ३४. ते वाचले की मला २०१८ चा जून आठवतो. मुलगी तेव्हा ४ महिन्यांची होती. रात्री सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला: मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अनोळखी माणसांपासून सावध राहा. मी पाळण्याकडे बघितलं, पोटात गोळा आला आणि तो मेसेज ३ ग्रुपवर पाठवून दिला. दिवसभर मी दुसऱ्यांचा कोड तपासतो, एक ओळही न बघता पुढे सोडत नाही. इथे मात्र दोन सेकंदही थांबलो नाही.

१ जुलैला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात अशाच अफवेवरून जमावाने ५ जणांना मारून टाकलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी माणसं होती ती. माझी आजी अशांच्या झोळीत पीठ घालून नमस्कार करायची. माझा मेसेज तिथे पोचला असेल असं नाही, पण होता त्याच जातकुळीचा.

आता श्लोक बघू. ३३ व्या श्लोकात भगवंत सांगतात की ज्ञानी माणूससुद्धा आपल्या प्रकृतीप्रमाणेच वागतो, नुसतं दडपून काय होणार? मला यात मोठा दिलासा वाटतो. भीती, पिल्लाला जपणं, कळपासोबत धावणं हे सगळं आपल्यात जन्मापासून आहे. त्यावरच आपले पूर्वज जगले. पाळण्याकडे बघून मला भीती वाटली, हे पाप नव्हतं.

मग चूक कुठे झाली? ३४ वा श्लोक म्हणतो, प्रत्येक इंद्रियाच्या विषयात आवड आणि नावड ठाण मांडून बसलेली आहे, त्यांच्या ताब्यात जाऊ नकोस. त्यांना ‘परिपंथी’ म्हटलंय, म्हणजे वाटमारे. वाटमारा रस्त्यात भेटणारच. प्रश्न इतकाच, की आपण गाडीची चावी त्याला देतो का?

पुढे ४० व्या श्लोकात याहून अवघड गोष्ट आहे. या शत्रूचं घर इंद्रियांत आणि मनात आहेच, पण बुद्धीतही आहे. मेसेज पाठवताना मी स्वतःला म्हणालो होतो, ‘काळजी घेतलेली बरी.’ वाटलं, विचार करून पाठवतोय. खरं तर निर्णय आधीच झाला होता, बुद्धीने फक्त त्याची वकिली केली.

सार्वजनिक जीवनात हेच हजारपटीने होतं. जमावातल्या प्रत्येकाला वाटतं, आपण आपल्या मुलांना वाचवतोय. ज्याला जमाव हवा असतो, त्याला कुणाला काही पटवून द्यावं लागत नाही. ‘तुमचं काहीतरी धोक्यात आहे’ एवढं म्हटलं की पुरतं. म्हणून आपल्या भीतीची चावी कुणाच्या हातात आहे, हे बघणं हीसुद्धा साधनाच.

त्याच जुलैमध्ये व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी ५ चॅटपर्यंतच फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा जाहीर केली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या मेसेजसाठी ती १ वर आणली. माणसाची प्रकृती यात कुठे बदलली? फक्त मधे एक अडथळा घातला. पण अडथळा फोनमध्ये असून भागत नाही. भर बाजारात कुणीतरी ‘पकडा!’ ओरडतं तेव्हा मर्यादा आतच असावी लागते. माझ्यासाठी ती नामस्मरणाने येते, तीसुद्धा रोज सराव केला तरच.

आजचा अभ्यास: एखादा मेसेज वाचून पोटात गोळा आला किंवा रक्त तापलं, तर फोन उलटा ठेवा. ११ वेळा नाम घ्या. मग दोनच प्रश्न विचारा. हे स्वतः कुणी पाहिलंय? आणि हे खोटं निघालं तर कुणाला भोगावं लागेल?

बातमी वाचल्यावर मी तिन्ही ग्रुपवर लिहिलं, ‘न तपासता पाठवलं, माझी चूक झाली.’ दोघांनी हात जोडलेला इमोजी टाकला, बाकी सगळे गप्प. मेसेज मात्र तोवर कुठच्या कुठे गेला होता.

मुलगी आता शाळेत जाते. दारात अनोळखी माणूस दिसला की मला आजही क्षणभर धस्स होतं. होऊ दे. आधी नाम घेतो, मग त्याला पाणी विचारतो.

राम कृष्ण हरी.