लहानपणी हृदयाची शस्त्रक्रिया झाली, तरी तपासणी थांबवू नका

जन्मतः हृदयदोष असलेल्या मुलाची शस्त्रक्रिया झाली, मूल खेळायला लागले, की घरच्यांना वाटते संकट टळले. फाईल माळ्यावर जाते. पण छिद्र बुजवले किंवा अरुंद महाधमनी रुंद केली, तरी झडपेचा दोष मागे राहू शकतो.

हृदयातून शरीराकडे रक्त निघते त्या दाराशी महाधमनीची झडप असते. तिला तीन पाकळ्या असतात. शंभरात एक-दोघांना जन्मतः दोनच असतात. महाधमनी अरुंद असलेल्या मुलांत हा दोष पुष्कळदा सापडतो. अशी झडप वयाबरोबर कडक होते किंवा गळू लागते आणि काहींना तरुणपणीच बदलावी लागते.

जिना चढताना धाप लागणे, छातीत दुखणे, श्रम करताना चक्कर येऊन पडणे ही लक्षणे दिसताच हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. पण लक्षणांची वाट पाहू नका. डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीत टू-डी इको कराच.

दुसरी शस्त्रक्रिया अधिक अवघड असते. छातीच्या हाडामागे जुन्या जखमेमुळे भाग चिकटलेले असतात. म्हणून आधी सीटी स्कॅन करतात. पहिल्या वेळी नेमके काय केले, हे सर्जनला जुन्या कागदांवरूनच कळते.

झडप दोन प्रकारची. यांत्रिक झडप जास्त टिकते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने विकसित केलेली अशी भारतीय झडप १९९० पासून वापरात आहे. पण तिच्यासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि नियमित पीटी-आयएनआर तपासणी करावी लागते. मनाने गोळी बंद करू नका, न विचारता वेदनाशामक घेऊ नका. प्राण्याच्या ऊतीपासून केलेल्या जैविक झडपेला ही गोळी सहसा जन्मभर लागत नाही; मात्र तरुण वयात ती लवकर झिजते आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते.

वॉरफरिन ही गोळी गर्भाला अपाय करू शकते. म्हणून तरुण मुलीने मूल हवे आहे का, हे झडप निवडण्याआधीच डॉक्टरांशी बोलावे. लग्न जमवताना छातीवरचा व्रण लपवायला सांगणारे तिचा जीव धोक्यात घालतात. लपवलेल्या आजाराची गोळीही लपून घ्यावी लागते, आणि मग ती चुकते.

झडप बदलल्यावर दात स्वच्छ ठेवा. दात काढण्यापूर्वी दंतवैद्याला झडपेबद्दल सांगा. खर्चाच्या धास्तीने थांबू नका; महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करा.

घरात असे कोणी असेल, तर माळ्यावरची फाईल आजच खाली काढा.