मांडवीला कमानी किती?



कोणी इटली पाहून आले की आपण कौतुकाने फोटो बघतो. पण रोज जिच्या शेजारून सायकल दामटतो, त्या मांडवीला कमानी किती, असे विचारले की वर्ग गप्प! उत्तर आहे : प्रत्येक बाजूला तीन.

मांडवी म्हणजे जकातीचे ठाणे. व्हेनिसमध्येही पाण्याच्या टोकाशी असे जुने जकातघर आहे. २००९ पासून तेथे कलासंग्रहालय आहे. सान जिमिन्यानो या टेकडीवरच्या गावात पूर्वी सुमारे ७२ मनोरे होते, आज १४ उरले आहेत. जे जपले, तेच पाहायला जग येते.

इटली आपल्या बडोद्यातही आहे. १८९० मध्ये पूर्ण झालेल्या लक्ष्मीविलास राजवाड्यात दरबार हॉलची फरशी व्हेनिसच्या धर्तीच्या मोझॅकची आहे. तेथे फेलिची या इटालियन शिल्पकाराची शिल्पेही आहेत. त्यांना सयाजीराव महाराजांनी काम दिले होते.

२०२५ मध्ये मांडवीच्या खांबाला तडे गेल्याच्या बातम्या आल्या. दुरुस्ती हे जाणकारांचे काम. पण पोस्टर न चिकटवणे, नाव न कोरणे आणि पडझड दिसताच मोठ्यांना सांगणे, हे आपले काम. पालक व विश्वस्त मंडळींनीही मुलांना घेऊन एकदा तेथे थांबावे, ही विनंती.

स्वाध्याय :
१. रविवारी सकाळी आजी-आजोबांबरोबर लहेरीपुरा दरवाज्यापासून मांडवीमार्गे पाणीगेटपर्यंत चाला.
२. उरलेल्या दोन दरवाज्यांची नावे शोधा.
३. आजोबांच्या लहानपणीची मांडवी कशी होती, ते पाच ओळींत लिहा.