गर्भाशयाची शस्त्रक्रिया आणि आपली नोंदवही

गर्भाशय काढल्यानंतर कंबरदुखी, अनिद्रा, लघवीवरील ताबा सुटणे अशा तक्रारी घेऊन स्त्रिया प्रताप नगरातील आमच्या चिकित्सालयात येतात. शस्त्रक्रिया कोणत्या कारणास्तव झाली, बीजकोश ठेवले की काढले, हे अनेकींना सांगता येत नाही.

बीड जिल्ह्यात २०१९ साली ८२,३०९ ऊसतोड महिलांचे सर्वेक्षण झाले. त्यांपैकी १३,८६१ जणींचे, म्हणजे सुमारे १७ टक्के महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले. या आकड्याला वजन आले ते एकूण संख्या हाती होती म्हणून. आपल्याकडे येते ती त्रास असलेली रुग्णा. जी बरी आहे ती कशाला येईल? त्यामुळे केवळ आपल्या नोंदींवरून शल्यचिकित्सकास दोष देणे शास्त्रीय नव्हे. (तसा मोह होतो, हे मान्य केले पाहिजे.) उलट रुग्णालयाची नोंद बहुधा रुग्णा घरी गेली की थांबते. स्वीडनमधील राष्ट्रीय नोंदवही शस्त्रक्रियेनंतर आठ आठवड्यांनी व वर्षाने रुग्णेलाच प्रश्नावली पाठविते. हा दुवा आपल्याकडे तुटलेला आहे.

तेव्हा केसपेपरवर शस्त्रक्रियेच्या वेळचे वय, कारण, बीजकोशांची स्थिती, काढलेल्या गर्भाशयाच्या तपासणीचा अहवाल व तक्रार सुरू झाल्याचा काळ एवढे तरी लिहावे. औषधालय-चालकांस विशेष विनंती : गर्भाशय काढलेल्या स्त्रीस पुन्हा रक्तस्राव होत असल्यास अशोकारिष्टाची बाटली देऊ नये, तिला त्वरित स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवावे व वैद्यास कळवावे.