जुन्या क्रॉसओव्हरची पारख

क्रॉसओव्हर म्हणजे जीपसारखी उंच दिसणारी, परंतु मोटारकारच्या बांधणीची गाडी. बोलेरो किंवा स्कॉर्पिओमध्ये शिडीच्या आकाराच्या स्वतंत्र पोलादी चेसिसवर वरची बॉडी बसवलेली असते. डस्टर, इकोस्पोर्ट, ब्रेझा, नेक्सॉन यांत मात्र बॉडी आणि सांगाडा एकजीव असतो, त्यामुळे गाडी हलकी होते, वळणावर स्थिर राहते आणि तेल कमी खाते, पण तळाचा पत्रा वा त्याखालच्या पट्ट्या एकदा वाकल्या किंवा गंजल्या की भार पेलायला वेगळी चौकट उरत नाही. इकोस्पोर्टचा तळ जमिनीपासून 200 मिलिमीटर, ब्रेझाचा 198 मिलिमीटर वर असतो. एवढी उंची दिसली की डोळखांब किंवा टोकावडेकडच्या कच्च्या रस्त्यांना ही गाडी सहज पुरेल असे वाटते. आधीच्या मालकालाही तसेच वाटलेले असते आणि त्याने ती त्याच भरवशावर दगडधोंड्यांतून घातलेली असते.

मुरबाड तालुक्यातील म्हशाच्या यात्रेत बैल घेणारा शेतकरी दात पाहतो, खूर उचलून पाहतो आणि जनावर चालवून पाहिल्याशिवाय सौदा करत नाही. तोच शेतकरी काही लाखांची सेकंडहँड गाडी रंग आणि सीटकव्हर पाहून घरी आणतो, तेव्हा त्याची ती पिढीजात नजर वाया जाते.

प्रस्तुत लेखकाची फसगत अशीच झाली. मे महिन्यात, सगळे कोरडे असताना, घेतलेल्या डिझेल क्रॉसओव्हरचा रंग चकचकीत होता आणि आत अत्तराचा दाट वास होता. जुलैत पाऊस लागताच डॅशबोर्डवरचे इशाऱ्याचे दिवे कारण नसताना लागू लागले आणि काचा आपोआप अडकू लागल्या. अखेर चालकाच्या सीटखालचा गालिचा उचलला, तेव्हा खाली पिठासारखा मऊ, वाळलेला गाळ निघाला, आणि वायरींच्या जोडांवर हिरवट बुरशीसारखा थर दिसला, जो तांबे पाण्यात राहिल्याने धरतो. गाडी कधीतरी पुरात उभी होती. 26 जुलै 2005 चा मुंबईचा पूर किंवा 27 जुलै 2019 रोजी वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस ज्यात अडकली तो उल्हास नदीचा पूर, अशा प्रसंगांत बुडालेल्या गाड्या धुऊन, रंगवून, थोड्या स्वस्तात विक्रीला येतात. म्हणून दर बाजारभावापेक्षा फार कमी असेल तर सर्वप्रथम पाण्याचाच संशय घ्यावा. पाण्याच्या खुणा ठरावीक जागी राहतात: सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला की न धुतल्या गेलेल्या भागावर मातीची रेघ दिसते, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ साठतो, सीटच्या सरकपट्ट्या गंजतात, हेडलाइटच्या आत धुके धरते. अत्तराचा वास हीदेखील एक खूणच समजावी.

त्यानंतर गाडी गॅरेजच्या रॅम्पवर चढवून खालून पाहणे अपरिहार्य आहे. इंजिनखालच्या संरक्षक पत्र्यावरचे खोल ओरखडे, चाके धरून ठेवणाऱ्या कंट्रोल आर्मच्या फाटलेल्या रबरी बुश आणि शॉकअबवरून ओघळलेले तेल यांवरून गाडी कोणत्या रस्त्यांवर धावली हे कळते. इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे. विक्रेत्याने ते आधीच तापवून ठेवले असेल तर बॉनेटवर हात ठेवताच समजते. चाचणी सपाट महामार्गावर न घेता चार माणसे बसवून, एसी लावून माळशेज किंवा कसारा घाटाच्या चढावर घ्यावी, कारण क्लच झिजलेला असेल तर इंजिनचा आवाज चढतो पण वेग चढत नाही, आणि हा दोष सपाटीवर सहज लपतो.

डिझेल घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडवणारी डीपीएफ नावाची गाळणी असते, आणि ती जळून साफ होण्यासाठी गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. ज्याची धाव घर ते वासिंद किंवा आसनगाव स्टेशन एवढीच आहे त्याची गाळणी तुंबते, तेव्हा त्याने पेट्रोलच घ्यावे. फोर्डने 2021 मध्ये भारतातील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केल्यामुळे इकोस्पोर्टचे सुटे भाग जवळपास मिळतील का, हे मिस्त्रीला आधी विचारावे.

कागदांत आरसीवर बँकेचा बोजा नाही ना, ई-चलन थकलेले नाही ना, आणि इंजिन व चेसिसचे क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी जुळतात ना, हे स्वतः वाचून पाहावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 नुसार खरेदीदाराने 30 दिवसांत हस्तांतरणाची नोंद करायची असते. विमाही आपल्या नावावर करून घ्यावा. आधीच्या मालकाचा नो-क्लेम बोनस मात्र गाडीबरोबर येत नाही. शेवटचा हप्ता नाव चढेपर्यंत राखून ठेवावा, आणि शक्य असेल तर गाडी उन्हाळ्यात न पाहता आषाढाच्या सरी सुरू झाल्यावरच पाहावी.