कॅबिनेटमधला वायरींचा गुंता

आपल्याकडे त्या डब्याला सगळे ‘सीपीयू’ म्हणतात. खरा सीपीयू आत, पंख्याखाली दडलेला चौकोनी तुकडा. पण दुरुस्तीवालासुद्धा फोनवर ‘सीपीयू घेऊन या’ असंच सांगतो. हा डबा उन्हाळ्यात घोंघावायला लागला की आपण बाजूचं झाकण काढतो, आत वायरींचं जंजाळ दिसतं आणि वाटतं, एवढ्या गर्दीतून वारा जाणार तरी कसा?

जुन्या काळी ही शंका अगदी खरी होती. हार्ड डिस्कला तेव्हा ४० पिनांची, दोन इंच रुंद चपटी रिबन असायची आणि ती पंख्यासमोर पडद्यासारखी लोंबायची. २००३ पासून बारीक साटा केबल येऊ लागली आणि हळूहळू तो पडदा गेला. आज नुसत्या वायरी आवरून तापमान धाडकन उतरतं असं सहसा होत नाही. तरी आवरायचं. सैल वायर पंख्याच्या पात्यात जाते, गुंत्यात धूळ पिंजलेल्या कापसासारखी धरते, आणि पुढच्या वेळी रॅम काढायला हात आत शिरत नाही.

सुरुवात मोजण्यापासून करा. ‘एचडब्ल्यूइन्फो’सारखं फुकट सॉफ्टवेअर लावून, गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग अर्धा तास चालल्यावर प्रोसेसरचं तापमान किती, ते कागदावर लिहा. सोबत वेळ आणि खोलीतला पंखा चालू होता की बंद, हेही लिहा. एप्रिलमधली दुपार आणि त्याच दिवशीची रात्र यांची तुलना करून आपण काही कमावलं असं समजू नये.

सामान घरातलंच: स्टार स्क्रूड्रायव्हर, मऊ ब्रश, स्क्रू ठेवायला वाटी, मोबाइल आणि नेलकटर. नेलकटर जुने केबल टाय कापायला. कात्रीचं टोक वायरीच्या आवरणात घुसतं, याचं घुसत नाही आणि टायची धारदार शेपटीही मागे राहत नाही. बांधायला वेल्क्रो घ्या. शिलाईचं सामान विकणाऱ्या दुकानात ती मीटरवर मिळते. खरखरीत आणि मऊ पट्टी पाठीला पाठ लावून शिवली की झाली केबलची पट्टी. रबर बँड मात्र नको, उष्णतेने तो कडक होऊन तुटतो किंवा वायरीला चिकटून बसतो.

आता कॉम्प्युटर बंद करा, वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, म्हणजे एसएमपीएसच्या मागचं बटण शून्यावर आणा, पिन काढा आणि पॉवरचं बटण पाचेक सेकंद दाबून ठेवा. कॅबिनेट गॅलरीत नेऊन ब्रशने धूळ झाडा. ब्लोअर वापरत असाल तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेच्या जोराने पंखा गरागरा फिरला तर बेअरिंग बिघडू शकतं. एसएमपीएसचा डबा मात्र उघडायचा नाही. पिन काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार उरलेला असू शकतो.

वायर काढण्याआधी फोटो काढा. मदरबोर्डच्या खालच्या कोपऱ्यात पॉवर, रिसेट आणि दिव्यांच्या ज्या बारीक वायरी असतात, त्यांचा जवळून काढा. या वायरी सुटल्या की कुठली कुठे, हे मॅन्युअलशिवाय आठवत नाही आणि मॅन्युअल आपण रद्दीत दिलेलं असतं. मग कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा आणि कामाला लागा.

वारा कुठून येतो, ते आधी ठरवा. समोरचं दार आणि परसदार उघडं ठेवलं की घरात आरपार वारा खेळतो, तसंच इथे: समोरून गार हवा आत, मागून आणि वरून गरम बाहेर. पंख्याच्या उघड्या तोंडाने हवा शिरते आणि जिथे आडव्या दांड्या नि स्टिकर असतो, त्या बाजूने बाहेर पडते. समोरच्या पंख्यापासून प्रोसेसरपर्यंतचा हा पट्टा मोकळा ठेवणं एवढंच काम. बाकी वायरी कोपऱ्यात कशाही बसल्या तरी हवेला त्याचं काही नाही, नीटनेटक्या कॅबिनेटचे कितीही सुंदर फोटो पाहिलेले असोत.

जाडीपासून सुरुवात करा. सर्वांत जाड ती मदरबोर्डची २४ पिनांची. खटका दाबून प्लग धरून काढा, वायरी धरून ओढू नका. ती मदरबोर्डच्या मागच्या पोकळीतून नेऊन जवळच्या भोकातून पुढे काढा. मग प्रोसेसरची आठ पिनांची, वरच्या कोपऱ्यातली. ही नेहमी आखूड पडते आणि सगळ्यात जास्त वैताग हीच देते. ताणून बसवण्यापेक्षा एक्स्टेन्शन घ्या. ग्राफिक्स कार्डाचा आठ पिनांचा प्लग दिसायला हिची मावसबहीण, पण प्रोसेसरचा चार अधिक चार आणि कार्डाचा सहा अधिक दोन असा सुटतो. एकीच्या जागी दुसरी जबरदस्तीने बसवू नये. नव्या कार्डांची १६ पिनांची केबल असेल तर प्लगपासून साडेतीन सेंटिमीटरपर्यंत ती सरळ ठेवा आणि प्लग पूर्ण आत गेला ना, ते डोळ्यांनी बघा. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० कार्डांचे प्लग वितळल्याच्या तक्रारी आल्या, त्यात अर्धवट बसलेला प्लग हे एक मोठं कारण निघालं.

एसएमपीएसच्या केबली सुट्या होणाऱ्या असतील तर नको त्या काढून खोक्यात ठेवा. पण जुन्या एसएमपीएसची केबल नव्याला कधीही लावू नका. एसएमपीएसकडच्या टोकाच्या पिनांची मांडणी ठरलेली नसते. केबल खाचेत गुपचूप बसते, भलत्या पिनेवर १२ व्होल्ट जातात आणि हार्ड डिस्कचा धूर होतो.

साटा, पंखे, समोरच्या यूएसबीच्या वायरी शेवटी. साटा केबल कागदासारखी दुमडू नका, गोलाई ठेवा. मागच्या बाजूला वायरी एकावर एक न रचता शेजारी शेजारी लावा आणि वेल्क्रो सैलसर बांधा.

स्वस्तातल्या जुन्या कॅबिनेटला मागे पोकळीच नसते. तिथे हट्ट सोडा. जास्तीच्या वायरींची जुडी बांधून डीव्हीडी ड्राइव्हच्या रिकाम्या खणात सरकवा. तिथून वारा तसाही जात नाही.

झाकण लावण्याआधी प्रत्येक पंखा बोटाने फिरवून बघा. मग झाकण उघडं ठेवूनच कॉम्प्युटर सुरू करा. टरटर आवाज आला तर वायर पात्याला लागतेय. पडदा काळाच राहिला तर घाबरू नका: बंद करून, पिन काढून रॅम आणि ग्राफिक्स कार्डाचा प्लग पुन्हा दाबून बसवा, बहुतेकदा हात लागून तेच सैल झालेले असतात. सगळं सुरळीत झालं की त्याच वेळी, त्याच कामावर तापमान पुन्हा मोजा. चांगलं पाच-सात अंश उतरलं असेल तर श्रेय बहुधा झाडलेल्या धुळीला.

मागचं झाकण फुगत असेल तर गुडघा टेकून दाबू नका. जिथे दोन जाड वायरी एकमेकींवर चढल्यात, ती जागा शोधून त्या शेजारी करा, मागच्या बाजूचा एक फोटो काढून ठेवा आणि मग स्क्रू पिळा.