मधाची निवड : रंगावर नव्हे, उपयोगावर

नागपूरच्या सीताबर्डी बाजारपेठेत मध घेताना ग्राहक बहुधा बाटली उजेडात धरून पाहतो. पातळ, सोनेरी मध तो पसंत करतो आणि काळसर किंवा साखरेसारखा गोठलेला मध ‘भेसळीचा’ म्हणून परत ठेवतो. ही समजूत चुकीची आहे. तिच्यामुळे ग्राहक चांगल्या मधास मुकतो आणि प्रामाणिक मधपाळाचा माल पडून राहतो.

रंग व चव कशामुळे?

मधाचा रंग, वास आणि चव फुलोऱ्यावर अवलंबून असते. जांभळाचा मध गडद व किंचित कडवट असतो. संत्र्यासारख्या लिंबूवर्गीय झाडांच्या फुलांचा मध फिकट व सुगंधी असतो. मोहरी, सूर्यफुलाचा मध लवकर गोठतो, कारण त्यात ग्लुकोजचे प्रमाण अधिक असते. गोठणे हा नैसर्गिक गुण आहे. बरणी कोमट पाण्यात ठेवल्यास मध पुन्हा पातळ होतो.

कोणता मध कशासाठी?

फिकट, सुगंधी मध न तापवता वापरावा. पंचामृत, दही, फळे, लिंबाचे सरबत यांत त्याचा स्वाद खुलतो. गडद, उग्र चवीचा मध पोळी-भाकरीबरोबर, तिळाबरोबर किंवा मसालेदार पदार्थांत शोभतो. उष्णतेने सुगंध उडून जातो. म्हणून शिजवण्यासाठी महागडा मध वापरणे व्यर्थ होय. मध हवेतील ओलावा शोषतो. त्यामुळे केक मऊ राहतो. चिक्कीसारख्या कुरकुरीत पदार्थास मात्र गूळच योग्य.

संकलनाची पद्धत

आग्या माश्या उंच झाडांवर व कड्यांवर पोळी बांधतात; त्या पेटीत राहत नाहीत. सातेरी माश्या पेटीत पाळता येतात. पोळे पिळून काढलेल्या मधात अळ्या व परागकण मिसळतात आणि तो लवकर आंबतो. यंत्राने काढलेला मध स्वच्छ असतो, शिवाय पोळे शाबूत राहते. वर्धा येथे १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने मधमाशीपालनाला ग्रामोद्योगात स्थान दिले. २०२२ साली महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. माश्या परागीभवन करतात. त्यामुळे मधाची योग्य पारख शेतीच्याही हिताची आहे.

खरेदी करताना

पाण्यात मध तळाशी जातो किंवा कापूस पेटतो, या घरगुती परीक्षांनी शुद्धता सिद्ध होत नाही. ती प्रयोगशाळेतच कळते. अन्नसुरक्षा मानकांनुसार मधात ओलावा २० टक्क्यांहून अधिक नसावा. बाटलीवर परवाना क्रमांक, उत्पादकाचा पत्ता व तारीख पाहावी. ओला चमचा बरणीत घालू नये.

दोन सावधगिरीच्या सूचना

मध हीदेखील साखरच आहे. मधुमेही व्यक्तींनी वैद्यकीय सल्ल्यानेच तो घ्यावा. दुसरी सूचना अधिक महत्त्वाची आहे. नवजात बालकास मध चाटवण्याची प्रथा अनेक घरांत आहे. परंतु मधातील विशिष्ट जिवाणूंच्या बीजाणूंमुळे एक वर्षाखालील बालकास ‘बोट्युलिझम’ हा प्राणघातक ठरू शकणारा विकार होण्याचा धोका असतो. मध शुद्ध असला तरी हा धोका टळत नाही. शिक्षक, अंगणवाडी सेविका व पंचायत सदस्यांनी ही गोष्ट प्रत्येक मातेपर्यंत पोहोचवावी. पहिल्या वाढदिवसापूर्वी बाळाला मधाचे बोटही लावू नये.